आंबेघर स्टेशनावरचा आज्ञाधारक म्हाळू

शहराबाहेर आंबेघर नावाचं एक गाव होतं आणि तिथल्या स्टेशनावर म्हाळू नावाचा एक भोळा शिपाई होता. स्टेशन सव्वाशे वर्षांचं, दगडी. म्हाळू पंचेचाळीस वर्षांचा आणि अकरा वर्षं रोजंदारीवर. सांगितलेलं काम तो कधीच टाळायचा नाही. हीच सगळ्यांची अडचण होती.

एके दिवशी सरकारनं स्टेशनाला 'वारसा' म्हणून जाहीर केलं. स्टेशनमास्तर पेठ्यांनी म्हाळूला बोलावलं.

"म्हाळू, आजपासून इथली एकही जुनी वस्तू जागची हलता कामा नये."

"बरं, मास्तर."

म्हाळू फलाटावर आला. बाकावर एक म्हातारी बोचकं घेऊन बसली होती. पणतूच्या बारशाला निघालेली.

"आजी, वय किती?"

"ब्याऐंशी सरलं बाबा."

"मग हलू नका."

गाडी आली. म्हातारी उठली, म्हाळूनं तिला बसवलं. ती पुन्हा उठली, त्यानं पुन्हा बसवलं. गाडी निघून गेली. म्हातारीनं म्हाळूच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मास्तर धावत आले. "अरे, माणसाला कशाला अडवलंस? म्हातारं माणूस दिसलं की त्याला हात धरून, सामानासकट गाडीत चढवून द्यायचं! आणि बरोबर कुणी असेल तर त्यालाही!"

"बरं, मास्तर."

दुसऱ्या दिवशी धुमाळ टेलर आपल्या सासूबाईंना पोचवायला आले. सासूबाई दोन महिने मुक्कामाला होत्या. आज टेलर शीळ घालत होते. गाडी आली. म्हाळूनं सासूबाईंना हात धरून चढवलं. मग टेलरना चढवलं.

"अरे, मी नाही! मी नाही!" टेलर ओरडले.

"लाजू नका," म्हाळू म्हणाला आणि गाडी सुटेपर्यंत दारात उभा राहिला.

संध्याकाळी टेलर परतले. मागे सासूबाई. "जावई एवढे गाडीत चढून पोचवायला आले," त्या म्हणाल्या, "मग माझाच पाय निघेना. म्हटलं, राहू अजून दोन महिने."

टेलर कात्री घेऊनच मास्तरांकडे गेले.

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "म्हाळ्या, आधी तिकीट विचारावं! तिकीट असेल तर आत, नसेल तर बाहेर. मग तो कुणी का असेना!"

"बरं, मास्तर."

तिसऱ्या दिवशी वारशाच्या फलकाचं अनावरण होतं. पाहुणे म्हणून आमदार आबासाहेब आले. पांढरे कपडे, मागे दहा माणसं. म्हाळू दारात आडवा उभा राहिला.

"तिकीट आहे?"

आबासाहेबांचा चेहरा पडला. "तुलाही कळलं का रे? या खेपेला कापलं पक्षानं."

"मग बाहेर व्हा."

"पक्षाध्यक्षही हेच म्हणाले," असं म्हणून आबासाहेब रुमालानं डोळे टिपत मोटारीत जाऊन बसले. दहा माणसं मात्र त्यांच्यामागे गेली नाहीत. त्यांतल्या एकाला तिकीट मिळालं होतं.

फलकावरचा पडदा तसाच राहिला. मास्तर म्हाळूवर ओरडले. "गाढवा, मोठं कोणी आलं की लाल पायघडी अंथरायची! हार घालायचा! चार शब्द बोलायची विनंती करायची आणि त्यांचं बोलणं पुरं होईपर्यंत जाऊ द्यायचं नाही! आता एक चूक केलीस तर उद्यापासून येऊ नकोस."

म्हाळू त्या रात्री जेवला नाही. बायको म्हणाली, "अहो, मास्तर सांगतात तेवढंच करा."

"तेवढंच तर करतो गं," तो म्हणाला.

चौथ्या दिवशी सकाळी मास्तर फोनवर बोलत होते. म्हाळूनं ऐकलं. "हो, अकरा वाजता मोठी गाडी येतेय."

म्हाळूनं हार आणला. पायघडी काढली. मोठी गाडी काही फलाटावरून चालत येणार नव्हती, म्हणून त्यानं पायघडी रुळांवर अंथरली.

ती गाडी आंबेघरला कधीच थांबत नसे. लांबूनच ड्रायव्हरला लाल दिसलं. ब्रेक किंचाळले. गाडी पायघडीला नाक लावून उभी राहिली. ड्रायव्हर सोनटक्के घाबरून खाली उतरले. म्हाळूनं त्यांच्या गळ्यात हार घातला.

"साहेब, चार शब्द बोला."

सोनटक्क्यांनी गळ्यातला हार चाचपला. "एकतीस वर्षं गाडी चालवतोय," ते म्हणाले, "आजवर कुणी साधं 'या' म्हटलं नाही."

प्रवासी खाली उतरले. टाळ्या पडल्या. सोनटक्के फलाटावरच्या बाकावर चढून अगदी बालपणापासून सांगू लागले. मागे सात गाड्या खोळंबल्या.

मास्तरांच्या खोलीतला फोन खणखणला. मास्तर खुर्चीत गार पडले होते. म्हाळूनं फोन उचलला.

"काय झालंय तिथं?" पलीकडून रेल्वेचे वरचे साहेब गरजले. "रूळ तुटला? सिग्नल बिघडला? गाडी का अडकलीय?"

"काही बिघडलं नाही, साहेब," म्हाळू अदबीनं म्हणाला. "भाषण चाललंय. तुम्हीही सावकाश या. त्यांना आत्ता कुठं नोकरी लागलीय."