वैद्यराजांची धुरी

जहागीरदारांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, पण जन्मल्यापासून तिचं बाळ रडायचं थांबेना. अंग चोळायला येणाऱ्या सगुणाबाईच्या जिवाला चैन नव्हतं. पाजून झालं, पोट शेकून झालं, तरी पोर आपलं ठसकतंय! वैद्यराज दाजीशास्त्रींच्या हुकमानं बाळंतिणीच्या खोलीत दारंखिडक्या लावून दोन्ही वेळा दाट धुरी चाले. सातव्या दिवशी सगुणाबाईनं सरळ खिडकी उघडली, तेव्हा कुठे बाळ निजलं.

नेमके तेव्हाच वैद्यराज आले आणि कडाडले, "बाळाला वारा लागला म्हणजे? या अडाणी बाईला आजच्या आज काढा!"

जहागीरदारांनी मान डोलावली. सगुणाबाईनं हात जोडले. "जाते सरकार. पण धुरी कशी द्यायची ते वैद्यराजांनी एकदा बसून दाखवावं. माझ्या जागी येणारीला सांगीन."

तिनं मायलेकरांना शेजारच्या खोलीत नेऊन निजवलं. वैद्यराज ऐटीत पाटावर बसले. दारंखिडक्या लागल्या. शेगडीवर ओवा पडला, लसणाची सालं पडली.

"आणखी टाक!" वैद्यराज म्हणाले.

तिनं आणखी टाकलं.

थोड्याच वेळात दार धाडकन उघडलं. वैद्यराज खोकत, डोळे पुसत अंगणात पळाले. मागोमाग सगुणाबाई पदरानं नाक पुसत आली.

"अगंबाई, बाहेर कशाला आलात? वारा लागेल ना!"

मग ती जहागीरदारांकडे वळली.

"सरकार, वैद्यराज दार उघडून पळाले. बाळाला अजून पळता येत नाही, म्हणून ते रडत होतं."