बहिरोबाच्या माळावर कान का धरतात

एवढा चढ मला चढायला लावलात, आणि वर तुम्हाला गोष्ट पाहिजे. गेल्या महिन्यात तिघांना सांगितली, एकानं धड ऐकली नाही. बसा आता, आणि मधे बोलू नका.

हा शेंदराचा दगड म्हणजे बहिरोबा. भैरोबा नव्हे, बहिरोबा. जत्रेत इथं दारू ठासून उखळीचे बार उडतात, तेव्हा आमच्यात कुणी स्वतःचे कान झाकत नाही. शेजारी जे जनावर उभं असेल त्याचे झाकतो.

असं सांगतात, की खाली छावणी होती तेव्हा रेल्वेतल्या आणि कापसाच्या व्यापारातल्या गोऱ्यांनी हौसेनं घोडेस्वारांचा एक रिसाला उभा केला होता. घोडा ज्याचा त्याचा, तलवारी चकचकीत, लढाई एकही नाही. मग वरून हुकूम आला, रिसाला मोडा, तोफखाना करा. तलवारी जमा झाल्या आणि शर्यतीतले घोडे सहा-सहा करून तोफेला जुंपले.

त्यांतली शेवंती नावाची घोडी गेनू मोतद्दाराच्या हाताखालची; मोतद्दार म्हणजे घोड्याची चाकरी करणारा. शिंगरू होती तेव्हापासून त्यानंच वाढवलेली. पहिल्याच बाराला ती उधळली आणि तोफ ओढ्यात कलंडली. तोफखान्याचा साहेब म्हणाला, सोमवारी परत बार काढू, जागची हलली तर गोळी घाला.

गेनू मुळातच भित्रा. ढग वाजला तरी खाली बसणारा. रविवारी तो या दगडापुढं आला. तेव्हा याला नावसुद्धा नव्हतं. म्हणाला म्हणे, "तिला ऐकू येऊ देऊ नको. पाहिजे तर माझं ऐकणं घे."

सोमवारी तो तिच्या तोंडाशी उभा राहिला. दोन्ही तळव्यांनी तिचे कान दाबले. स्वतःचे उघडेच, कारण हात दोनच. तिसऱ्या बाराला त्याच्या कानातून ऊन ऊन काहीतरी मानेवर ओघळलं, आणि मग एकदम सगळं गप्प झालं. त्याला वाटलं, आता होईल पुढचा. आता होईल.

असे चौदा झाले. घोडी हलली नाही. साहेबलोक जेवायला गेले, बाकीचे घोडे पाण्यावर नेले.

"गेन्या, सोड की आता. कान उपटून घरी नेतोस काय?" मागून लाडजी मोतद्दार ओरडला. गेनूनं मान वळवली नाही, तेव्हा शिवी देऊन तोही गेला.

दिवस कलला तरी गेनू घामानं भिजून पुढच्या बाराची वाट बघत उभा. शेवटी त्याची बायको कोंडा आली. तिनं खांद्यावर हात ठेवला आणि त्याचं एकेक बोट सोडवलं.

शेवंती वाचली. गेनूला पुन्हा काही ऐकू आलं नाही. लोक त्याला बहिरोबा म्हणायचे, आणि तो गेल्यावर ते नाव या दगडाला लागलं.

आजही शेवटचा बार झाला की इथं कुणी तोंडानं 'सोडा' म्हणत नाही. खांद्याला हात लावून एकेकाला सोडवतात, आणि हात लागेपर्यंत कान धरून राहायचं. गेल्या जत्रेत मात्र कमिटीच्या अध्यक्षानं भोंग्यावरून सांगितलं, "सोडा, पंगत बसली." सगळे पळाले. मी बैलाचे कान धरून पंगत उठेपर्यंत उन्हात. वर हा येऊन चारचौघांत विचारतो, "काय बहिरोबा, भोंगा ऐकू आला नाही वाटतं?" त्याची माफी अजून यायची आहे. त्याचं नाव लिहून घ्या, विलास पारखे.