वारुळाच्या दारातला प्रश्न

माळावरच्या बाभळीला अजून काटे फुटायचे होते, तेव्हाची ही गोष्ट. तिच्या बुंध्याशी एक वारूळ होतं. तिथली राणीमुंगी हुशार होती, पण पहाऱ्याची विद्या तिला अर्धीमुर्धीच ठाऊक होती. दाराशी एक मुंगळा उभा असे आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाची खबर आपल्या पहारेकरी भाषेत आत धाडत असे.

"राणीसाहेब, वायव्येचं भोक, आंबूस वास, मिशी तिरपी. सोडू?"

सुरुवातीला राणी डोकं खाजवून विचार करायची. पण दाणे आणणाऱ्या घरच्याच मुंग्यांसाठीही हा प्रश्न येऊ लागला, तेव्हा तिला वीट आला. मान वर न करताच ती म्हणू लागली, "सोड बाबा."

एका दुपारी तिने असंच "सोड" म्हटलं आणि एक भुंगेरा थेट अंड्यांच्या खोलीत शिरला. मुंग्यांनी त्याला चावून चावून हाकललं, पण तोवर निम्मी अंडी त्याच्या पोटात गेली होती.

"मी विचारलं होतं," मुंगळा ताठ्यात म्हणाला.

"विचारलंस. मला कळेल असं विचारलं नाहीस," राणी म्हणाली. "घरच्यांना खुशाल येऊ दे. परका आला, तर तो कुठे निघालाय तेवढं साध्या शब्दांत सांग."

मुंगळा फणकारला, पण ऐकलं त्याने. दार बरेच दिवस शांत राहिलं. मग एकदा हाक आली.

"राणीसाहेब, परका आहे. अंड्यांकडे निघालाय. तुम्ही बोलावलंय का?"

राणीने हातातलं काम खाली ठेवलं, मान वर केली आणि पहिल्यांदाच म्हणाली, "नाही."