आई काय म्हणाली

"मग दोन्हींतली कोणती भाषा तोडू, बुवा?"

त्र्यंबक मास्तरांनी विचारलं. निरंजनबुवांची झोपडी प्राणहिता नदीच्या काठावर होती. मास्तरांना लहानपणी व्याकरण शिकवलं ते याच बुवांनी.

"तोडायची कशाला?"

"पोर चार वर्षांची झाली. एका वाक्यात अर्धं मराठी, अर्धं तेलुगू. लोक म्हणतात, दोन भाषांत मूल गोंधळतं, मागं पडतं. म्हणून मी घरात तेलुगू बंद केलं."

"बरं. मग?"

"आता ती बोलतच नाही."

"आणि तिची आई?"

मास्तरांनी मागं वळून बायकोकडे पाहिलं.

"तीही नाही."

सरोजा जरा दूर बसली होती, वेणूला मांडीवर घेऊन. तिचं माहेर पैलतीरावरचं. मराठी येई ते कामापुरतं. लग्न होऊन आली तेव्हा दिवसभर तेलुगूत बडबडायची. मास्तरांना एक शब्द कळत नसे, पण घर भरल्यासारखं वाटे. तेलुगू बंद केलं त्या दिवसापासून तो आवाजही गेला होता.

बुवा तिच्याकडे वळले. "बाई, तुझ्या भाषेत बोल. मला त्यातलं काही कळत नाही. तेव्हा निर्धास्त बोल."

सरोजानं नवऱ्याकडे पाहिलं. मग नदीपलीकडे. आधी अडखळत, मग सलग, ती कितीतरी वेळ बोलत राहिली.

ती थांबली तशी बुवांनी विचारलं, "काय म्हणाली रे?"

सात वर्षांचा संसार. तरी मास्तरांना त्यातलं काही कळलं नव्हतं.

"आई म्हणते," वेणू म्हणाली, "तिकडे अंगणात मिरच्या वाळत घातल्या असतील. आजी एकटीच गोळा करत असेल."

तिनं जरा विचार केला.

"आई म्हणते, तिकडे सगळे तिला नावानं हाक मारतात. इकडे कुणीच मारत नाही. बाबापण नुसतं 'अगं' म्हणतात."

तिच्या मराठीत तेलुगूचा एकही शब्द मिसळला नव्हता.

मास्तर उठले आणि लेकीजवळ जाऊन बसले.

"वेणू, 'गावाला जाऊ' याला आई काय म्हणते?"

तिनं कानात सांगितलं.

"सरोजा," मास्तर म्हणाले. पुढचं काही केल्या ओठांवर येईना. "ऊरि… पोदां."

वेणू खुदकन हसली. सरोजाचे डोळे भरून आले, पण ती लगेच उठली आणि निघण्यासाठी पदर खोचू लागली.

"चुकलो का, बुवा?"

"चुकू दे," बुवा म्हणाले. "आत्ता कुठं बोलायला लागला आहेस."