बांधावरचा भाऊ

माणसांना काटेरी तार ठाऊक नव्हती, शेताला निवडुंगाचंच कुंपण असायचं, तेव्हाची ही गोष्ट. एका माळरानाच्या बांधावर एक म्हातारा निवडुंग एकटाच उभा होता. एक दिवस शेताच्या मालकिणीनं, सगुणाक्कानं, समुद्रापलीकडून आलेलं एक रोप त्याच्या शेजारी लावलं. ते वाढत गेलं तसा म्हातारा चकित झाला. तेच जाड हिरवं अंग, त्याच उभ्या कडा, तेच काटे, आणि पानांचा तर पत्ताच नाही!

"अरे, तू तर माझा हरवलेला भाऊ!" असं म्हणत त्यानं त्याला आपल्या मुळांशी जागा दिली.

पुढे सगुणाक्का कोयता घेऊन कुंपण छाटायला आली. म्हाताऱ्याला घाव बसला तसं पांढरंशुभ्र दूध ओघळलं. शेजाऱ्याला बसला, तर नुसतं पाणी!

म्हातारा मुळापासून हादरला. "दूध कुठंय तुझं? आमच्या घराण्यात असा कोणी नाही! चोरा, माझं रूप कधी उचललंस?"

"चोरू कसं, दादा? इथं येईपर्यंत मी तुम्हाला पाहिलंही नव्हतं. आमच्याकडेही पाऊस असा रुसलेलाच. ज्यांनी पानं मिरवली ते वाळले. ज्यांना काटे नव्हते त्यांना जनावरांनी खाल्लं. उरले ते आम्ही."

ही तर म्हाताऱ्याच्याच खापरपणजोबांची कहाणी होती!

तेवढ्यात एक शेळी आली. तिनं याला हुंगलं, त्याला हुंगलं, आणि दोघांकडेही नाक मुरडून चालती झाली.

"हिच्या लेखी," म्हातारा पुटपुटला, "आपण सख्खेच की रे!"