मोगरा उमलेना

कवठसर गावी मुरलीधराच्या देवळात निवांतबुवा महाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही गोष्ट. महाराजांचे नाव निवांत. पण अन्याय दिसला की तो निवांतपणा कुठल्या कुठे पळे. अंगावर एक घोंगडी, बोलणे मोजके, आणि नजर अशी की लबाडाने आपणहून मान खाली घालावी.

देवाची रोजची माळ सगुणा फुलारीण आणी. नवरा ऐन तिशीत गेला, पण नदीकाठची बाग तिने एकटीने राखली. पहिली खुडणी देवाची, त्याआधी राजा आला तरी त्याला फूल नाही, असा तिचा नेम होता. अठरा वर्षांत एक दिवस माळ चुकली नव्हती. महाराज ती माळ हातात घेऊन म्हणत, "सगुणे, आमचं भजन तोंडाचं, तुझं बोटांचं. देवाला तुझंच आधी ऐकू जातं."

त्या वैशाखात रंगराव देशमुखांच्या कमळजेचे लग्न ठरले. घरचे शेवटचे कार्य, तेव्हा हौसेला तोटा नव्हता. मांडवाच्या फुलांचे ठरवायला सगुणेला बोलावणे गेले. ती ओसरीच्या पायरीवर बसली, कमळजा तिला चिकटून बसली, आणि दोघींची बोलणी रंगली.

"दारांना आंब्याच्या डहाळ्या, मधून मधून तगर," सगुणा म्हणाली. "बोहल्याला सोनचाफा, पण तो उन्हात नको, लगेच काळा पडतो. मुहूर्त गोरजाचा आहे ना? मग वरमाला मोगऱ्याच्या. भर दुपारी टप्पोऱ्या कळ्या खुडायच्या आणि केळीच्या सोपाच्या धाग्यात सैल ओवायच्या. गाठ आवळली की कळीचा जीव गुदमरतो. अंतरपाट खाली येईल त्या घडीला माळ उमलली पाहिजे बघ."

कमळजेने तिचा हात धरला. "आणि माझ्या मुंडावळ्या तूच बांधायच्या हं, सगुणामावशी."

रंगराव पान चघळत ऐकत होते. ते मोठ्याने हसले. "मुंडावळ्या ही बांधणार? अगं पोरी, जिचं स्वतःचं कपाळ पांढरं, ती तुझं कपाळ सजवणार? सगुणे, तू फुलं खुडायची आणि परसदारी ठेवून माघारी फिरायचं. ओवायला घरात सवाष्णी आहेत. त्या दिवशी मांडवात तुझी सावलीसुद्धा नको मला."

ओसरीवरची मंडळीही हसली. धनी हसला की हसायचे, एवढेच त्यांना ठाऊक!

सगुणेच्या अंगाचा तिळपापड झाला. ती उभी राहिली. "सरकार, माझ्या हातची माळ देवाला चालते. तुमच्या मांडवाला का चालत नाही?"

"बरी आठवण केलीस," रंगराव म्हणाले. "देवळाचा पंच मीच आहे. विधवेच्या हातची माळ देवाला तरी कशाला हवी? लग्न उरकलं की देवाची माळही बंद. मग गुरवाची सून ओवील."

सांगताना आजही राग येतो, मंडळी! ज्या बाईकडे देवाच्या माळेवाचून दुसरे काही उरले नव्हते, तिची तेवढी माळही या माणसाने तोंडातल्या पानाबरोबर थुंकून टाकली.

सगुणा तरातरा देवळात आली आणि तिने रिकामी परडी महाराजांपुढे आपटली. "एक कळी देणार नाही, महाराज! बाग पेटवून देईन, पण त्या घरात माझं फूल जाणार नाही!"

बसलेल्यांपैकी एक टाळकरी म्हणाला, "राग गिळावा बाई. राग हे पापाचं मूळ."

महाराज कडाडले, "गप बैस! काढून घेणारा पान खात बसलाय, त्याला कुणी काही म्हणत नाही. आणि जिचं काढून घेतलं तिला म्हणे राग गीळ!"

मग ते सगुणेकडे वळले. "फुलं दे त्याला. पोरीचं लग्न आहे, आणि फुलांनी तुझं काय वाकडं केलंय? पण राग मात्र टाकू नकोस. तो या मुरलीधरापुढे ठेव. त्यालाही जरा येऊ दे."

सगुणा गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेली. डोळ्यांत पाणी होते, पण आवाज धारदार होता. "तुझ्या गळ्यातली माळ काढून घेतायत आणि तू आपला मुरली वाजवतोयस! अठरा वर्षं मी कुणासाठी बोटं सोलली रे? लाज नाही वाटत तुला?"

असे देवाला कोण बोलेल? ज्याचे देवावर फार प्रेम आहे, तोच. महाराज डोळे मिटून ऐकत राहिले.

लग्नाच्या दिवशी दुपारी सगुणेने महाराजांच्या शब्दाप्रमाणे कळ्या खुडल्या, पाट्या परसदारी ठेवल्या आणि ती माघारी गेली. सवाष्णींनी वरमाला ओवल्या, मुंडावळ्या गुंफल्या, ओल्या फडक्याखाली सारे झाकून ठेवले. उन्हे उतरली. फडके उचलले, तर कळ्या जशाच्या तशा! पाणी शिंपडले, वारा घातला. कळ्या ज्वारीच्या दाण्यासारख्या टणक. बागेत माणूस पळवला, तो सांगत आला की झाडावरच्या कळ्याही मिटलेल्याच आहेत. रोज दिवेलागणीला घमघमणाऱ्या गावात त्या संध्याकाळी वासाचा मागमूस नव्हता.

त्या मुलखात मिटल्या कळीची वरमाला गळ्यात घालत नाहीत. संसार उमलत नाही म्हणतात. वरबापाने सुनावले, "माळ उमलली नाही तर वऱ्हाड परत जाईल." तेवढ्यात कमळजेने सवाष्णींनी कपाळावर तशाच बांधलेल्या मुंडावळ्या सोडून ताटात ठेवल्या. "सगुणामावशी आल्याशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही," ती म्हणाली.

रंगराव देवळाकडे धावले. फेटा सुटला होता, घाम निथळत होता. "महाराज, काहीतरी उपाय करा! घरची अब्रू जातेय!"

"माझ्याकडे काय आलात?" महाराज म्हणाले. "मला माळ ओवता येत नाही. जिला येते तिच्या दारी जा."

"मी? फुलारणीच्या दारी?"

"नका जाऊ. पण सूर्य काही देशमुखांच्या हुकमाने थांबायचा नाही."

रंगराव गेले. महाराजही त्यांच्या मागोमाग निघाले. सगुणा अंगणात बसली होती.

"चल," रंगराव म्हणाले. "मी बोलवायला आलोय."

"आणि माझी सावली? ती घरी ठेवून येऊ?"

रंगरावांची मान खाली गेली. सगुणा महाराजांना म्हणाली, "पोरीसाठी जीव तुटतोय माझा. पण मन अजून पेटलंय, महाराज. असं मन घेऊन मंगलकार्यात कशी येऊ?"

"राग घेऊनच चल," महाराज म्हणाले. "खरा राग कधी अमंगळ नसतो."

ती मांडवात शिरली तशा सनया थांबल्या. दोन-तीन बायकांनी पदर सावरून अंग चोरले. सगुणेने वरमाला उचलून हातांवर घेतली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "नवरा गेला तो माझा गुन्हा नव्हे. ही बोटं तीच आहेत, जी रोज देवाच्या गळ्यापर्यंत जातात. ती विटाळाची असतील, तर देव विटाळला म्हणा आणि देवळाला कुलूप लावा!"

आणि मग तिच्या तळहातावरची एक कळी उघडली. तिच्या शेजारची उघडली. बघता बघता सारी माळ पांढरी शुभ्र उमलली, ताटातल्या मुंडावळ्या उमलल्या, आणि नदीकडून बागेतल्या मोगऱ्याचा असा लोट आला की मांडवाच्या दाराशी घोड्यावर थांबलेला नवरदेवही मागे वळून बघू लागला. धन्य तो मुरलीधर! त्याला खरोखरच राग आला होता.

सगुणेने कमळजेला मुंडावळ्या बांधल्या. रंगराव महाराजांच्या पायांवर पडायला वाकले, तोच महाराज झटकन बाजूला झाले.

"पाय चुकलात, देशमुख," ते म्हणाले.

सारा मांडव बघत होता. रंगराव क्षणभर घुटमळले. मग त्यांनी फेटा उतरवला आणि सगुणेपुढे जमिनीला कपाळ टेकले. "चुकलो, बाई. उद्या देवाला माळ आणशील ना?"

"आणणारच," सगुणा म्हणाली. "पण तुम्ही सांगितलं म्हणून नव्हे. ती थांबवायचा हक्क तुम्हाला कधी नव्हताच."

राग तिच्या आवाजात तेव्हाही होता, आणि महाराजांनी तो शमवायचा मुळीच प्रयत्न केला नाही. भटजींनी अंतरपाट धरला, मंगलाष्टके सुरू झाली, तरी रंगरावांचे कपाळ जमिनीवरून उठले नव्हते.