खुडलेले चाळीस शेंडे

"चाळीस! मोजून चाळीस शेंडे खुडलेस तू, आणि तेही माझ्या रोपांचे!" राजा गजभान सिंहासनावरून ओरडला.

समोर भिवरा माळीण उभी होती. तिची नखं अजून हिरवीगार होती, त्यामुळे नाकबूल जायची सोयच नव्हती.

त्याचं झालं असं. शेजारच्या राजाने एका मेजवानीत सहज विचारलं होतं, "तुमच्याकडचा झेंडू जमिनीवरच सरपटतो का हो?" झालं! गजभानाला उंच झेंडूचं वेड लागलं. त्याने लांबच्या मुलखातून ऐंशी रोपं मागवली. दसऱ्याच्या दरबारात शंभर मानकऱ्यांच्या हाती लांब देठाचं एकेक फूल द्यायचं, असं जाहीरही करून टाकलं. चाळीस रोपं राजवाड्याच्या बागेत लागली, दारोगा हैबतरावांच्या देखरेखीखाली. उरलेली चाळीस भिवराच्या परसात, कारण तिच्या हाताला गुण आहे असं सगळं गाव म्हणायचं.

हैबतरावांना झेंडू आणि कोथिंबीर यांतला फरक फुलं आल्यावरच कळत असे. पण पगडीला मोत्यांचा तुरा होता, त्यामुळे कुणी विचारत नसे. त्यांनी प्रत्येक रोपाला काठी दिली, काठीला जरीची दोरी बांधली आणि दर सोमवारी दरबारात वर्दी दिली, "महाराज, झेंडू चार बोटं वाढला!" दरबारी म्हणत, "वा! वा!" पुढच्या सोमवारी पुन्हा चार बोटं, पुन्हा वा वा.

भिवराने मात्र रोपं वीतभर झाल्यावर एका सकाळी अंगठ्याच्या नखाने सगळ्यांचे शेंडे खुडून टाकले. हैबतरावांनी कुंपणावरून पाहिलं आणि तसेच तडक दरबारात धावले.

"का खुडलेस?" राजाने विचारलं.

"महाराज, शेंडा ऱ्हायला की झाड नुसतं वर पळतंय. फांद्या धरत न्हाई. माझा बाप असंच करायचा."

"ऐकलंत महाराज?" हैबतराव गरजले. "आपण म्हणता वर, ही म्हणते आडवं! उद्या ही माणसांचेही शेंडे खुडेल!"

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. पगार त्याचाच होता.

गजभान हट्टाला पेटला. "मला काही ऐकायचं नाही! दसऱ्याला चाळीस दिवस आहेत. खुडलेला प्रत्येक शेंडा ज्याच्या त्याच्या जागी परत बसव. गोंद लाव, दोऱ्याने शीव, काय वाटेल ते कर! नाहीतर तुझं परस सरकारजमा!"

त्या परसावरच भिवराची आणि तिच्या आंधळ्या सासूची चूल पेटत होती. पण तिने पदर खोचला. "बसवते, महाराज. फकस्त दसऱ्यापतुर माझ्या परसात कुणी पाऊल टाकू नये."

"दिलं वचन!" राजा म्हणाला.

गणपतीच्या दिवसांत राजवाड्यातल्या प्रत्येक रोपावर एकेक टपोरं फूल उमललं. माळी खुरपं टाकून कात्री घेऊन आले. हैबतराव ओरडले, "खबरदार! महाराजांच्या फुलाला हात लावाल तर!" फुलं झाडावरच राहिली, बी धरून वाळली, आणि आपलं काम झालं असं समजून झाडांनी नवी कळी धरणंच सोडलं. वर्दी मात्र चालूच होती, "महाराज, फुलं अजून जागेवर आहेत!" "वा! वा!"

दसरा उजाडला. शंभर मानकरी नवे अंगरखे घालून हात पुढे करून बसले, आणि हैबतरावांनी चाळीस काळपट बोंडं तबकात आणली.

राजाचा चेहरा त्या बोंडांपेक्षाही काळा पडला. "भिवरा कुठे आहे? चला तिच्या परसात!"

सगळा दरबार कुंपणाशी जाऊन थबकला. आत कमरेएवढी झाडं, चहूकडे फांद्या आणि फांदीफांदीवर केशरी फुलं! भिवरा विळ्याने लांब देठाची फुलं कापून घागरीत ठेवत होती. घागरी भरून कुंपणालगतच्या पारावर मांडल्या होत्या, तरी झाडं रिकामी दिसत नव्हती.

"मोजून घ्या, महाराज. खुडलेल्या जागी शेंडे परत बसवलेत. एकेका जागी एक मागितला होता, झाडानं चार-चार दिलेत."

हैबतराव पुढे घुसले. "महाराज, फसवणूक! हे ते शेंडे नव्हेतच! हे नवे उगवलेत! हुकूम होता तोच शेंडा परत बसवायचा!"

राजाच्या कपाळाला आठी पडली. "दारोगा म्हणतो ते खरं आहे. तोच शेंडा कुठे आहे?"

भिवराने हात जोडले. "महाराज, रागावू नका, एक इचारते. थोरले महाराज देवाघरी गेले तवा रीतीपरमानं तुमी मिशा उतरवल्या. सगळ्या गावानं बघितलं. मग आता तुमच्या ओठावर हाय ती मिशी कुणाची?"

गजभानाचा हात आपसूक मिशीकडे गेला.

"माझीच!" तो म्हणाला.

"तवा न्हाव्यानं तीच परत चिकटवली का, महाराज?"

राजाची मिशी थरथरली. मग ओठ थरथरले. मग पोट! तो इतका हसला की पाराला टेकावं लागलं. दरबारीही हसले, आधी राजाकडे बघून आणि मग खरोखरच.

"परस तुझं! राजवाड्याची बागही आजपासून तुझ्या हाताखाली! आणि मानकऱ्यांनो, फुलं घ्या, एकेकाला दोन-दोन!" डोळे पुसत राजा म्हणाला. मग तो हैबतरावांपाशी गेला, त्यांच्या पगडीवरचा मोत्यांचा तुरा दोन बोटांत धरून त्याने खुडकन काढला आणि भिवराच्या ओंजळीत टाकला.

"आता हिला महिनाभर पाणी घाला, दारोगा," राजा त्या बोडक्या पगडीकडे बघत म्हणाला. "बघू, किती तुरे फुटतात ते!"